प्रोसेसरची कीर्द : आकडा हाही दस्तऐवजच

१/ २०१७ साली ब्रेंडन ग्रेग या संगणक-अभियंत्यांना एका आकड्याचा उगम शोधायचा होता. लिनक्सवर चालणाऱ्या जवळजवळ प्रत्येक यंत्रावर तो दिसतो. त्याचे नाव ‘लोड ॲव्हरेज’, म्हणजे यंत्रावरील सरासरी भार. प्रोसेसरची मागणीच न करणारी कामेही या भारात का धरली जातात, एवढाच त्यांचा प्रश्न होता. लिनक्सच्या सध्याच्या कोड-भांडारातील नोंदी २००५ पासून सुरू होतात. तेथे उत्तर नव्हते. अखेरीस १९९३ सालच्या एका टपाल-यादीच्या जुन्या संग्रहात तो बदल सापडला. तो सुचवणारे मथियास उर्लिख्स यांना पत्र लिहून ग्रेग यांनी त्यांची साक्षही घेतली.

२/ दप्तर चाळणे, मूळ कागद हाती लागणे, हयात साक्षीदाराला विचारणे ही पद्धत आपल्या परिचयाची आहे. म्हणूनच आजचा विषय थोडा अनोळखी वाटला तरी परका नाही. माझे म्हणणे असे : संगणक स्वतःविषयी जे आकडे सांगतो, ते दस्तऐवज मानूनच वाचले पाहिजेत. आणि ते आकडे मागण्याची वाट जो आखतो, तो पुढच्या वाचकाला काय दिसेल आणि काय कधीच दिसणार नाही, हे ठरवत असतो.

३/ ही ‘वाट’ म्हणजे नेमके काय? कार्यप्रणालीच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. कोणते काम प्रोसेसरवर किती वेळ चालले, याचा हिशेब कर्नल ठेवतो. इतर प्रोग्रॅमना तो हवा असेल, तर सी भाषेतील एखादी लायब्ररी मध्यस्थी करते. कोणत्या नावाने मागावे, काय मिळेल आणि कोणत्या एककात मिळेल, याचा करार म्हणजे त्या लायब्ररीचा इंटरफेस. करार एकदा जाहीर झाला, की त्यावर शेकडो प्रोग्रॅम विसंबतात. मग तो बदलणे फार कठीण होते.

४/ आता लोड ॲव्हरेजकडे परत येऊ. ही कल्पना युनिक्सच्याही बाहेरची. ‘टेनेक्स’ या कार्यप्रणालीत ती होती आणि जुलै १९७३ मधील टेनेक्स यंत्रांच्या सरासरी भाराची नोंद आरएफसी ५४६ या टिपणात आजही वाचता येते. तेथे अर्थ स्वच्छ होता : प्रोसेसरवर चालण्यास तयार असलेल्या कामांची ठरावीक काळातील सरासरी संख्या. थोडक्यात, प्रोसेसरसमोरील रांगेची लांबी. बीएसडी युनिक्समार्गे हीच कल्पना पुढे लिनक्सपर्यंत पोचली.

५/ ऑक्टोबर १९९३ मध्ये उर्लिख्स यांनी एक अडचण मांडली. यंत्र संथ डिस्कची वाट पाहत खोळंबले की कामे प्रोसेसरच्या रांगेतून बाहेर पडत आणि भाराचा आकडा खाली येई. यंत्र मंदावलेले असताना आकडा मात्र निवांतपणा दाखवी. म्हणून डिस्कसारख्या साधनासाठी अडलेली, मध्येच उठवता न येणारी कामेही भारात धरावीत, असे त्यांनी सुचवले. ते मान्य झाले. तर्क अगदी वाजवी होता. तथापि त्या दिवसापासून लिनक्सवरील लोड ॲव्हरेज हा प्रोसेसरपुरता आकडा राहिला नाही.

६/ नाव मात्र तेच राहिले. इतर युनिक्स-कुळातील यंत्रांवर प्रोसेसरची रांग आणि लिनक्सवर साऱ्या यंत्राचा खोळंबा असे एकाच शब्दाचे दोन अर्थ झाले. ‘बिघा’ हा शब्द दिसला म्हणून दोन प्रांतांतील जमिनीची थेट तुलना आपण करत नाही. तेथला बिघा केवढा, हे आधी विचारतो. संगणकाच्या आकड्याला हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. लिनक्सच्या कर्नलमध्ये हा आकडा काढणाऱ्या कोडवरील टिप्पणीत खुद्द लेखकांनीच त्याची थट्टा केली आहे. पण टिप्पणी वाचतो कोण?

७/ हा आकडा मिळवण्यासाठी सी भाषेत ‘गेट-लोड-ॲव्हरेज’ हे फंक्शन आहे. ते १९९० च्या बीएसडी ४.३ रेनोमध्ये आले. त्याची रचना देखणी आहे : आपण एक रिकामी यादी आणि तिची लांबी द्यायची, फंक्शन एक, पाच आणि पंधरा मिनिटांच्या सरासरी भरते आणि प्रत्यक्षात किती भरता आल्या, ते सांगते. काहीच मिळाले नाही तर उणे एक. म्हणजे ‘मला ठाऊक नाही’ असे म्हणण्याची सोय त्यात आहे. ती रचना आजही टिकून आहे, हे तिच्या साधेपणाचे श्रेय.

८/ दोष कोठे आहे? सरासरी कशाची, हे सांगायला या करारात जागाच नाही. व्याख्या बदलली तरी फंक्शनचे नाव, यादी, दशांशातील आकडे सारे तसेच राहिले. जुना प्रोग्रॅम कुरकुर न करता चालत राहिला आणि निराळ्या अर्थाचा आकडा जुन्याच मथळ्याखाली छापत राहिला. प्रोग्रॅम बंद पडला असता, तर कोणीतरी चौकशी केली असती. इंटरफेसमधील सर्वांत धोकादायक चूक ती, जी काहीच मोडत नाही.

९/ त्याआधीची परिस्थिती तर आणखी बिकट होती. सुरुवातीच्या युनिक्समध्ये ‘पीएस’ हा चालू कामांची यादी देणारा प्रोग्रॅम कर्नलच्या स्मृतीतच थेट डोकावत असे. ‘केमेम’ नावाच्या फाइलमधून कर्नलची स्मृती वाचता येई आणि ‘एनलिस्ट’ हे फंक्शन कोणते चल कोणत्या पत्त्यावर आहे, ते सांगे. दप्तरखान्यात कारकुनाला काही न विचारता थेट आतल्या खोलीत शिरून रुमाल सोडण्यासारखाच हा प्रकार.

१०/ यात दोन संकटे होती. कर्नलची अंतर्गत रचना जरा बदलली, की पीएस पुन्हा संकलित करावा लागे. नाहीतर तो भलत्याच जागेचे भलतेच वाचे. दुसरे, साधी यादी दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला साऱ्या कर्नलची स्मृती वाचण्याचा अधिकार द्यावा लागे आणि त्या स्मृतीत इतरांची गुपितेही असत. एक आकडा हवा म्हणून अख्ख्या वाड्याच्या किल्ल्या द्याव्या लागत. इंटरफेस नसण्याची किंमत ती हीच.

११/ १९८४ मध्ये टॉम किलियन यांनी ‘चालू काम म्हणजे एक फाइल’ ही कल्पना मांडली आणि आठव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये ‘प्रॉक’ ही निर्देशिका आली. पुढे बेल लॅब्जच्याच ‘प्लॅन ९’ मध्ये ती कामागणिक एक निर्देशिका आणि तीत वाचता येणाऱ्या फाइली, अशा रूपात विस्तारली. लिनक्सने १९९२ मध्ये प्रॉक स्वीकारले आणि त्यात संपूर्ण यंत्राचे आकडेही ठेवले. प्रोसेसरची कीर्द ज्या फाइलीत आहे, तिचे नाव ‘प्रॉक-स्टॅट’. ती कोणीही उघडून वाचू शकतो. विशेष अधिकार लागत नाही.

१२/ या फाइलीतील एका ओळीत सुरुवातीला चारच रकाने होते : युजर, म्हणजे सामान्य प्रोग्रॅमना दिलेला वेळ, नाइस, म्हणजे कमी अग्रक्रमाच्या कामांचा वेळ, सिस्टीम, म्हणजे कर्नलचा स्वतःचा वेळ, आणि आयडल, म्हणजे रिकामा वेळ. २.५ या मालिकेत डिस्कच्या प्रतीक्षेचा ‘आयओवेट’ आला, २.६.० पर्यंत व्यत्ययांचे दोन रकाने आले, २.६.११ मध्ये ‘स्टील’, २.६.२४ मध्ये ‘गेस्ट’ आणि २.६.३३ मध्ये ‘गेस्ट-नाइस’. आज दहा रकाने आहेत. प्रत्येक वाढलेला रकाना ही एक कालनोंद आहे.

१३/ ‘स्टील’ म्हणजे चोरी. एकाच खऱ्या यंत्रावर अनेक आभासी यंत्रे चालू लागली, तेव्हा ‘मला काम होते, पण प्रोसेसर दुसऱ्याला दिला गेला’ हे नोंदवायला खाते हवे झाले. ‘गेस्ट’ ही त्याची दुसरी बाजू : यजमान यंत्राने पाहुण्या यंत्राला दिलेला वेळ. भाड्याच्या यंत्रांचे आजचे युग या दोन रकान्यांत उमटले आहे. जनगणनेच्या तक्त्यात नवा रकाना दिसला की तो का आला, असे आपण विचारतो. येथेही तोच प्रश्न विचारावा.

१४/ पण या ओळीत रकान्यांना नावे नाहीत. ओळख फक्त क्रमावरून. त्यामुळे चारच रकाने वाचणारा जुना प्रोग्रॅम त्यांचीच बेरीज संपूर्ण वेळ समजतो आणि त्याची टक्केवारी चुकते. उलट दहाही रकाने भाबडेपणाने बेरजेत घेतले तरी चूकच. कारण गेस्टचा वेळ युजरमध्ये आधीच धरलेला असतो आणि एकच वेळ दोनदा मोजला जातो. हे नियम फाइलीत लिहिलेले नाहीत. ज्याला ते ठाऊक आहेत, त्यालाच कागद नीट वाचता येतो.

१५/ मुळात हा वेळ मोजला कसा जातो? परंपरेने घड्याळाच्या ठोक्यावर. ठोका पडला त्या क्षणी जो प्रोसेसरवर असेल, त्याच्या खात्यावर तो अख्खा ठोका लिहायचा. म्हणजे ही पाहणी आहे, सलग मोजमाप नव्हे. दोन ठोक्यांच्या मधे काम उरकून ठोक्याआधी बाजूला होणारा प्रोग्रॅम हिशेबात येतच नाही. डॅन त्साफ्रिर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवून दिले, की असा लबाड प्रोग्रॅम विशेष अधिकारांवाचूनही प्रोसेसरचा मोठा वाटा गुपचूप बळकावू शकतो. पुढे अधिक सूक्ष्म मोजणीच्या पद्धती आल्या. पण वहीवरून मोजणीची पद्धत ओळखता येत नाही.

१६/ वहीची पाने संपण्याचा प्रश्नही खरा आहे. सेकंदाला १०० ठोके आणि ३२ बिटांचा गणक असेल, तर सुमारे ४९७ दिवसांनी तो पुन्हा शून्यावर येतो. जुन्या लिनक्स यंत्रांचा ‘किती दिवस चालू आहे’ हा आकडा खरोखरच असा उलटत असे. मिलिसेकंदांत मोजले, तर मुदत ४९.७ दिवस, विंडोज ९५ आणि ९८ तेवढ्या दिवसांनी गोठत असत. लिनक्सकारांनी पुढे एक युक्ती केली : ठोक्यांचा अंतर्गत गणक यंत्र सुरू झाल्यावर पाचच मिनिटांत उलटेल, अशा बेताने सुरू करायचा. दीड वर्षाने उघड होणारी चूक पहिल्याच दिवशी उघड व्हावी, हा हेतू.

१७/ एवढे सारे पाहिल्यावर मूळ प्रश्नाकडे येतो. उद्या कोणी सी भाषेत प्रोसेसरच्या आकड्यांसाठी लायब्ररी रचायला बसला, तर पहिला मोह एकच असतो : एक फंक्शन, एक उत्तर, ‘वापर ३७ टक्के’. मला हे अयोग्य वाटते. टक्केवारी नेहमी दोन क्षणांमधली असते. ते क्षण कोणते, हे न सांगता दिलेली टक्केवारी म्हणजे तारीख फाडून दिलेले पत्र. ‘व्हीएमस्टॅट’ या प्रोग्रॅमची पहिली ओळ यंत्र सुरू झाल्यापासूनची सरासरी दाखवते आणि ती आत्ताची स्थिती समजून अनेक नवखे फसतात.

१८/ म्हणून लायब्ररीने कीर्द द्यावी, ताळेबंद मागणाऱ्याने काढावा. सुरुवातीपासूनचे वाढते गणक जसेच्या तसे द्यावेत, ते कोणत्या क्षणी वाचले तो क्षण द्यावा, एकक द्यावे. मागणारा दोनदा वाचेल, वजाबाकी करील आणि आपल्याला हव्या त्या काळाचा निष्कर्ष काढील. कच्च्या नोंदीवरून टक्केवारी केव्हाही काढता येते. टक्केवारीवरून कच्ची नोंद पुन्हा उभी करता येत नाही. एकमार्गी वाट असेल तेथे आधीच्या टप्प्यावर थांबणे, हा सावध माणसाचा नियम.

१९/ हे केवळ स्वप्नरंजन नाही. सोलारिसमधील ‘केस्टॅट’ या लायब्ररीने त्यातले बरेच काही साधले. तेथे प्रत्येक नोंदसंचाला घटकाचे नाव, क्रमांक आणि स्वतःचे नाव असते. तो केव्हा निर्माण झाला आणि त्याची ताजी प्रत केव्हा घेतली, या दोन्ही वेळा नॅनोसेकंदांत असतात. नामयुक्त प्रकारात प्रत्येक मूल्यासोबत त्याचे नाव आणि प्रकार येतो. क्रमावर विसंबावे लागत नाही. नवे मूल्य वाढले तरी जुना वाचक आपले नाव शोधून आपले तेवढे घेतो. उत्तम दप्तराची लक्षणे याहून वेगळी काय असतात?

२०/ आणखी एक आग्रह : ‘शून्य’ आणि ‘नोंद नाही’ हे दोन वेगळे असलेच पाहिजेत. ज्या कर्नलमध्ये स्टीलचा रकानाच नाही, तेथे लायब्ररीने शून्य भरून दिले, तर वाचक ‘चोरी झाली नाही’ असा निष्कर्ष काढील. खरे उत्तर ‘कोणी मोजले नाही’ हे आहे. साधनाच्या मौनाला पुरावा समजू नये, हा धडा इतिहासाच्या पहिल्याच वर्षी शिकवला जातो. सी भाषेत तो पाळणे अवघड नाही : प्रत्येक मूल्यासोबत ‘उपलब्ध आहे की नाही’ याची एक खूण पुरते.

२१/ सी भाषेची एक खास अडचणही येथे आहे. मूल्यांची रचना उघडपणे जाहीर केली, तर तिचा आकार मागणाऱ्या प्रोग्रॅममध्ये संकलनाच्या वेळीच पक्का बसतो. उद्या लायब्ररीने त्या रचनेत एक रकाना वाढवला, की जुना प्रोग्रॅम आणि नवी लायब्ररी यांचे माप जुळत नाही. म्हणून रचना झाकलेली ठेवावी आणि मूल्ये नावाने विचारणारी फंक्शने द्यावीत. चाराचे दहा रकाने झालेले आपण पाहिलेच. अकरावा येईल, हे गृहीत धरूनच करार लिहावा.

२२/ यावर रास्त आक्षेप आहे : बहुतेकांना टक्केवारीच हवी असते. दहा ओळी लिहायला लावणारी लायब्ररी कोणी वापरणार नाही. आणि जो तो आपली वजाबाकी आपण करू लागला, की शंभर जण शंभर चुका करतील. हा आक्षेप मी मान्य करतो. म्हणून टक्केवारीचे सोपे फंक्शन जरूर असावे, पण वरच्या मजल्यावर. आणि त्याने दोन वाचने मागून घ्यावीत, म्हणजे काळ कोणता हे मागणाऱ्याला विसरता येणार नाही. खालच्या मजल्याचे दार मात्र कधीही बंद करू नये.

२३/ शेवटचा प्रश्न सर्वांत आजचा आहे : हे आकडे कोणाचे? आज पुष्कळ प्रोग्रॅम ‘कंटेनर’ नावाच्या बंदिस्त कप्प्यात चालतात. कप्प्याला दोन प्रोसेसरांएवढाच वाटा मिळालेला असतो. पण आतून प्रॉक-स्टॅट वाचले तर सहसा अख्ख्या यजमान यंत्राचे आकडे दिसतात. जावाचे प्रोग्रॅम असेच यजमानाचे सारे प्रोसेसर आपले समजून वाजवीपेक्षा जास्त पसारा मांडत. २०१८ च्या जावा १० मध्ये ही समज सुधारली. नोंद खरी होती, फक्त ती दुसऱ्याच्या घराची होती. म्हणून व्याप्ती हीदेखील करारातच लिहिलेली असावी.

२४/ प्रामाणिकपणाचे एक उदाहरण देऊन थांबतो. लिनक्सच्या माहितीपुस्तिकेत आयओवेटच्या रकान्याबद्दल स्पष्ट सूचना आहे, की या आकड्यावर विसंबू नये. अनेक प्रोसेसर असताना प्रतीक्षा नेमकी कोणाच्या खात्यावर लिहावी हेच ठरत नाही आणि क्वचित हा आकडा घटतोसुद्धा. आपल्याच साधनाची मर्यादा लिहून ठेवणारा बखरकार आपल्याला किती आवडला असता! खेद एवढाच, की ही सूचना पुस्तिकेत राहते आणि आकडा तिला मागे टाकून पुढे जातो.

२५/ आपल्यापैकी अनेक जण उद्या असे आकडे साधन म्हणून वापरतील. एकविसाव्या शतकाचा इतिहास लिहिणाऱ्याला यंत्रांच्या नोंदी टाळता येणार नाहीत. त्या वेळी आकडा हाती आला की चार गोष्टी विचाराव्यात : कोणी मोजले, कसे मोजले, कोणत्या दोन क्षणांमध्ये मोजले आणि कोणाचे मोजले. आणि तुमच्यापैकी कोणी सी शिकत असेल, कधी अशी लायब्ररी लिहिणार असेल, तर या चारही प्रश्नांची उत्तरे आकड्यासोबतच देण्याची सोय करा. १९९३ चा तो बदल समजायला २०१७ उजाडावे लागले; जुनी टपाल-यादी कोणीतरी जपून ठेवली होती, म्हणून निदान तेवढे तरी झाले.

थ्रेड समाप्त. मतभेद असल्यास खाली अवश्य मांडावेत. दुरुस्त्यांचे स्वागत आहे.